पिंपरीच्या मातीतले औषध

सावर्ड्याच्या जांभ्या मातीवर मृगाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, त्यात मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंचा असतो. बुरशीसारखे तंतू पसरून ते मातीत वाढतात. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे अल्बर्ट शॅट्झ यांना वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत याच कुळात मिळाले. मग जगभर मातीचे नमुने गोळा होऊ लागले. महाराष्ट्रातही.

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे नाव घेतले की पेनिसिलीन आठवते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचा इतिहास बहुधा तेवढ्यावरच संपवला जातो. पण पेनिसिलीनचे तंत्र बाहेरून आले होते. इथल्या मातीचा शोध घेतला तो कंपनीच्या संशोधन विभागाने, एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली.

पद्धत साधी, पण चिकाटीची. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करून आगाराच्या थाळीवर पसरायचे, उगवलेल्या ठिपक्यांतून एकेक जीवाणू वेगळा करून रोगकारक जंतूंशेजारी वाढवायचा. त्याच्याभोवती स्वच्छ कडे दिसले, तर पुढची तपासणी. बहुतेक वेळा हाती लागते ते आधीच माहीत असलेले रसायन, किंवा रोग्यालाही विषारी ठरणारे.

तिरुमलाचार मूळचे वनस्पतींच्या बुरशीरोगांचे अभ्यासक. त्यामुळे बुरशीनाशकांकडे त्यांचे लक्ष गेले, हे स्वाभाविकच. पिंपरीच्या मातीतल्या एका जीवाणूपासून १९६१ मध्ये हॅमायसिन मिळाले. जीवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरे. हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पटल गळके करते. आपल्या पेशींतले कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलच्याच जातीचे, म्हणून असली औषधे पोटात देणे जपूनच. हॅमायसिन मुख्यतः बाहेरून लावायचे औषध राहिले: तोंडातल्या, कानातल्या बुरशीवर.

त्याच प्रयोगशाळेचे ऑरिओफंजिन मात्र शेतात गेले. माडाच्या रोगात ते मोरचूदासह मुळावाटे देतात: एक जिवंत, कोवळे मूळ तिरके कापून औषधाच्या पिशवीत बुडवून बांधायचे, पुढचे शोषून घेण्याचे काम माडाचे. दवाखान्यासाठी सुरू झालेल्या कारखान्याचे औषध वाडीत पोहोचले, हे मला हॅमायसिनइतकेच मोलाचे वाटते.

पुढे कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकायला मंजुरी दिली.