लेखणी आणि हिशेबाची वही : वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा

वर्धा नगरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९६९ साली अध्यक्ष होते पु. शि. रेगे आणि फेब्रुवारी २०२३ मधील ९६ व्या संमेलनाचे अध्यक्ष होते नरेंद्र चपळगावकर. पहिले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. दोघांच्याही वाङ्मयीन योग्यतेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु दोघांच्याही घरची चूल लेखणीवर पेटत नव्हती, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. मराठी लेखक बहुधा प्राध्यापक असतो, वकील असतो, नाही तर कचेरीत कारकून असतो. लेखन हे त्याचे सायंकाळचे काम. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही निराळे काय घडले? फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ग्रंथ अलौकिक, पण ग्रंथकर्त्याच्या भाकरीची काळजी येशूसंघ वाहत होता. घरसंसार सांभाळणाऱ्या लेखकाला असा संघ कोठून लाभणार?

हा प्रश्न आता आपल्या घराघरांत येऊन ठेपला आहे. नोकरी न धरता लेख, भाषांतरे, संपादन, जाहिरातींचा मजकूर अशा कामांवर, म्हणजे मुक्त लेखक म्हणून, जगू पाहणारी मुले-मुली आमच्या माहितीत आहेत. आईवडील धास्तावतात, आणि ती धास्ती निराधार नाही. या संदर्भात वर्धा जिल्ह्यातील ज्या एका लेखकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ते साहित्यिक म्हणून प्रसिद्धच नाहीत.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीसाची विद्या शिकले आणि मुंबईत त्यांनी त्या व्यवसायात चांगला जम बसविला. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत अध्ययन करून ते १९२९ साली परतले, ते हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आणि सरकारी जमाखर्चाचा संबंध उलगडणारा एक निबंध घेऊनच. तो छापावा कोणी? मे १९२९ मध्ये साबरमतीस त्यांची व गांधीजींची भेट झाली आणि निबंध 'यंग इंडिया'त क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. लेखकाला त्याचे नियतकालिक गवसले. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजी तुरुंगात गेले तेव्हा त्या पत्राचा भार कुमारप्पांवर आला, आणि त्या लेखनापायी त्यांनाही कारावास घडला. सुटाबुटातला हिशेबनीस असा लेखक झाला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचेच कृष्णदास जाजू आणि कार्यवाह कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग एका बाजूला आणि लेखन दुसऱ्या बाजूला. मगनवाडीहून निघणाऱ्या 'ग्रामउद्योग पत्रिके'त ते महिन्यामागून महिना लिहीत राहिले. इंग्रजी सोपे, वाक्ये आटोपशीर आणि आकडे तपासलेले.

त्यांचे लेखन इतकी वर्षे टिकले कशावर, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे. प्रतिभा होतीच, पण तिच्याखाली तीन भक्कम आधार होते. लिहिण्याआधी त्यांच्याजवळ एक विद्या होती, म्हणून लिहिण्यास विषय होता. लेख नियमित छापणारे पत्र होते. आणि गरजा थोड्या असून पै-पैचा हिशेब होता. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा जमाखर्च त्यांच्याकडे सोपविला गेला तेव्हा, खुद्द गांधीजी तेथे आले असतानाही, त्यांच्या मंडळींचा खर्च निधीतून करण्यास त्यांनी नकार दिला, असे सांगतात. आमच्या मुक्त लेखकांपैकी किती जणांच्या घरी हिशेबाची वही असते?

मात्र वर्ध्याचे चित्र रंगविताना सत्य झाकू नये. कुमारप्पा अविवाहित होते. त्याच वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० रोजी गीताई लिहावयास घेऊन ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण करणारे विनोबाही ब्रह्मचारी. मुलांची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, घरभाडे या रकमा मगनवाडीच्या वहीत नव्हत्या. शिवाय मागे जमनालालजींसारखा उदार धनिक उभा होता. तेही ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निवर्तले. म्हणून मुलाने उठून 'मी कुमारप्पांसारखा जगेन' म्हटले, तर बापाने काळजी करावी हे योग्यच आहे. गृहस्थाश्रमी लेखकाला जवळचा दाखला संत पौलाचा. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबू करण्याचा धंदा करी, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. हाताला एक कसब असले की लेखणीला लाचारी येत नाही.

'छोडो भारत' चळवळीतील कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, कुमारप्पांनी दोन पुस्तके लिहिली. एक प्रभू येशूच्या आचरणावर व शिकवणुकीवर आणि दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या कल्पिल्या आहेत. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड न लावलेल्या झाडाची फळे खाते. पक्षी स्वतःच्या श्रमाने घरटे बांधतो. मधमाशी पोळ्यासाठी मध गोळा करते. आणि आई काहीच न मागता देते.

लेखनाच्या धंद्याला ही पट्टी लावून पाहावी. दुसऱ्याचा लेख उचलून स्वतःच्या नावे खपविणारा पहिल्या पायरीवर. मानधनाचे नाव न काढता लेख मागणारा संपादक दुसऱ्या पायरीवर, फांदीवर बसून फळे खाणारा. मग ते नियतकालिक कितीही पुण्यकार्य करीत असो. नवोदिताला आपण एकदम पाचव्या पायरीवर चढवू पाहतो: 'समाजाची सेवा समजून लिही.' परंतु ज्याचे घरटेच बांधून झाले नाही, त्याला सेवेचा उपदेश करणे हे आमच्या मते अन्यायाचे आहे. प्रथम त्याला पक्षी होऊ द्यावे.

घरटे बांधण्यात कायद्याचीही थोडी मदत आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला धनी, उलट करार नसेल तर, सामान्यतः लेखकच असतो. हक्क हस्तांतरित करावयाचे तर ते लेखी व सहीनिशी झाले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तोंडी 'देऊन टाका हो' म्हटल्याने पुस्तक कायमचे परके होत नाही. एकेका लेखाचे मानधन महिन्याभरात संपते. हक्क राखलेले पुस्तक मात्र वर्षानुवर्षे थोडेथोडे देत राहते. वर्ध्यात लेखणीचे दुसरे काम भाषांतराचे. १९३६ पासून येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे आणि १९९७ मध्ये महात्मा गांधींच्या नावे आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ स्थापन झाले. मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषा नीट येणाऱ्या तरुणाला, आमच्या समजुतीप्रमाणे, नुसत्या ललित लेखकापेक्षा अधिक काम मिळते.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पा मगनवाडी सोडून याच जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रमात राहावयास गेले. प्रकृती साथ देईना, तेव्हा तमिळनाडूतील कल्लुपट्टीस गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीदिवशीच, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. त्या नियमाने १ जानेवारी २०२१ पासून त्यांची पुस्तके सर्वांची झाली आहेत. येशूच्या शिकवणुकीवरील ते छोटे पुस्तक नव्याने मराठीत आणू इच्छिणाऱ्या तरुण भाषांतरकाराला आता कोणाची अनुमती मागावी लागणार नाही, आणि त्या भाषांतराचा हक्क त्याचा स्वतःचा राहील.