काचबिंदू आणि गांजा : एका खटल्याचा बोध

दृष्टी वाचविण्यासाठी गांजा ओढणारा मनुष्य गुन्हेगार मानावा काय, असा प्रश्न १९७६ साली अमेरिकेतील एका न्यायालयापुढे आला. त्याचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्यातील द्रवाचा दाब बहुतेक वेळा वाढतो, दृष्टीच्या नसेला इजा होते, आणि एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून हा दाब उतरविणे हाच खरा उपाय. गांजा ओढल्याने तो उतरतो, असे लॉस एंजेलिस येथील हेपलर व फ्रँक यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले.

वॉशिंग्टनच्या रॉबर्ट रँडल या तरुणाला काचबिंदू होता. दिव्यांभोवती दिसणारी वलये गांजा ओढल्यावर नाहीशी होतात, हे ध्यानी आल्यावर त्याने घरीच रोपे लावली. १९७५ साली त्याला अटक झाली. नेहमीच्या औषधांनी त्याचा दाब आवरत नाही, हे तपासणीत दिसून आले होते. न्यायमूर्ती जेम्स वॉशिंग्टन यांनी 'निरुपायाने केलेले कृत्य' म्हणून त्याला निर्दोष सोडले. पुढे खुद्द सरकारच मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातला गांजा त्याला पुरवू लागले. २००१ साली तो वारला, तोवर त्याची दृष्टी टिकून होती.

मग गांजा हे काचबिंदूचे औषध ठरले काय? आमच्या मते नाही. त्याचा गुण तीन-चार तास टिकतो आणि रोग तर अष्टौप्रहर चालू असतो. म्हणजे दिवसरात्र सहा-आठ वेळा ओढणे आले. त्यात डोके ठिकाणावर राहत नाही व फुप्फुसांनाही अपाय होतो. शिवाय रक्तदाब उतरून त्या नाजूक नसेचा रक्तपुरवठा घटण्याचे भय असते. याउलट १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलचे थेंब आले, १९९६ साली दिवसातून एकदाच घालावयाचे लॅटॅनोप्रॉस्ट आले. अमेरिकेतील नेत्रवैद्यांची अकादमी काचबिंदूसाठी गांजाची शिफारस करीत नाही.

रँडलला मिळालेला न्याय योग्यच होता. परंतु एकाला दिलेली सवलत म्हणजे सर्वांचा उपचार नव्हे. थेंबांनी बरे वाटल्याचा अनुभव येत नाही, म्हणून पुष्कळजण ते मध्येच सोडतात आणि तिथेच घात होतो. दाब मोजून घ्यावा आणि थेंब चुकवू नयेत, एवढेच आमचे सांगणे.