वैडूर्य आणि मरकत

खनिजसंग्रहांतील 'बेरिल'चा कप्पा प्रथमच पाहणाऱ्यास हे सर्व स्फटिक एकाच जातीचे आहेत असें सांगितलें, तर तें खरें वाटत नाहीं. एक समुद्राच्या पाण्यासारखा निळसर, दुसरा मधासारखा पिवळा, तिसरा गुलाबी, चवथा कांचेसारखा निर्वर्ण, आणि शेजारींच पाचू! साम्य काय तें षट्कोनी घडणीचें. मूळ द्रव्यास रंगच नसतो. लोहाच्या अंशानें निळा किंवा पिवळा, मँगेनीजच्या अंशानें गुलाबी, आणि क्रोमियम वा व्हॅनेडियम यांच्या अंशानें पाचूचा हिरवा रंग त्यास चढतो. १९१७ च्या सुमारास ब्राझीलमधील माशीशे खाणींत सांपडलेले गडद निळे खडे तर उजेडांत ठेविले असतां फिके पडूं लागले. संग्राहकांची यापेक्षां मोठी थट्टा सृष्टीनें क्वचितच केली असेल.

असो. आम्हांस ह्या कप्प्यापुढें खिळवून ठेवतात तीं रंगांपेक्षां नांवें. 'बेरिल' हा ग्रीक 'बेरिल्लोस'. आणि त्याचें मूळ आपल्या प्राकृतांतील 'वेरुलिय', म्हणजे संस्कृत वैडूर्य, असें भाषापंडित मानतात. रत्न गेलें, त्याच्या मागोमाग नांवहि गेलें. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनी लिहितो कीं, हीं रत्नें हिंदुस्थानाबाहेर क्वचितच सांपडतात; तेथील लोकांस लांबट खडे आवडतात व ते त्यांस भोंक पाडून हत्तीच्या केसांत ओंवतात. स्फटिक रंगवून खोटें वैडूर्य करण्याची कलाहि हिंदी लोकांस साधली आहे, अशी पुस्ती तो जोडतो. आमच्या बाजाराची ही कीर्ति इतकी प्राचीन असेल असें आम्हांस वाटलें नव्हतें! त्या वेळच्या कोइमतूर जिल्ह्यांत पडियूर येथें वैडूर्याची खाण होती व १८१९-२० मध्यें हीथ नांवाच्या इंग्रजानें ती चालविली. आणि ऑगस्टस व टायबेरियस यांचीं नाणीं त्याच जिल्ह्यांत सांपडलीं आहेत. हा केवळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

'मरकत' शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेनें झाला. ग्रीक 'स्मारग्दोस'शीं त्याचें नातें उघड आहे, आणि तो पश्चिमेकडूनच इकडे आला असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. रोमन काळीं पाचूच्या खाणी इजिप्तच्या पूर्व वाळवंटांत होत्या, हें ध्यानांत घेतां तें मत आम्हांस पटतें. आपण वैडूर्य दिलें आणि मरकत घेतलें. देवघेव झाली ती एकाच खनिजाच्या दोन रंगांची! तशी शंका प्लिनीच्या काळींहि पुष्कळांस आली होती. पण दोहोंची स्फटिकरचना एक आहे हें आयुईनें दाखविलें, आणि १७९८ मध्यें व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञास दोहोंत एकच नवें द्रव्य आढळलें, तेव्हां कोठें ती फिटली. त्या द्रव्यांतील धातूस आज बेरिलियम म्हणतात.

जर्मन लोकांचा चष्म्याचा 'ब्रिल' हा शब्दहि ह्याच घराण्यांतला. कारण पूर्वीं भिंगासाठीं हा खडा घांसीत. मुंबईच्या झवेरी बाजारांत मात्र वैडूर्य मागितलें, तर जवाहिऱ्या आपल्यापुढें लसण्या ठेवतो, आणि तो निराळ्याच खनिजाचा असतो.