अंधांचे ग्रंथालय आणि अंधांचे हात



अंधांचे ग्रंथालय म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. डोळस मनुष्य देतो आणि अंध मनुष्य घेतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आम्ही गिरण्यांच्या फाटकावर सभा घेणारी माणसे. शाळा-कॉलेजांची विद्वत्ता आमच्यापाशी नाही. पण काम कोण करतो, श्रेय कोणाला मिळते आणि निर्णयाच्या वेळी कोणाला विचारले जाते, हे प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचे आहेत. त्याच नजरेने हा इतिहास आम्ही पाहिला.

पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंटिन आउई यांनी अंधांची शाळा काढली. तेथील पुस्तकांत डोळसांचीच अक्षरे कागदावर उठवलेली असत. ती चाचपडत वाचता येत. लिहिता मात्र येत नसत. त्या शाळेत शिकलेला लुई ब्रेल हा खोगीर शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाच्या कारखान्यातील हत्याराने त्याचा डोळा गेला आणि पुढे दुसराही गेला. त्याने सहा टिंबांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. ही लिपी अंधाला स्वतः लिहिता येत होती, आणि तेथेच घेणारा मनुष्य देणाराही झाला.

लंडनमध्ये उठावाच्या अनेक लिप्यांचा बाजार माजला होता. १८६८ साली डॉ. आर्मिटेज यांनी एक संस्था स्थापिली. त्यांची स्वतःची दृष्टी अधू झाली होती. लिपीचा निवाडा करणाऱ्या मंडळींसाठी त्यांनी नियम घातला: सभासद अंध असावा, त्याला किमान तीन लिप्या याव्यात, आणि कोणत्याही लिपीत त्याचा पैशाचा स्वार्थ नसावा. दोन वर्षांच्या विचाराअंती कौल ब्रेलला मिळाला. कामगारांच्या प्रश्नावर कामगारांनीच बोलावे असे आम्ही म्हणतो, त्याहून हे काय वेगळे?

आपल्या देशात एकेका प्रांताची निराळी ब्रेल होती. एका ठिकाणचे पुस्तक दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरे. १९५१ साली भारती ब्रेलवर एकमत झाले. त्या खटपटीत युद्धात दृष्टी गमावलेले सर क्लुथा मॅकेंझी यांचा मोठा वाटा होता. त्याच साली देहरादूनला सरकारी ब्रेल छापखाना निघाला आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. आमच्या नागपुरात ब्लाइंड रिलीफ असोसिएशन १९२८ पासूनची आहे. म्हणजे हा प्रश्न या शहराला नवा नाही.

आता कामाकडे वळू. ब्रेलचे मुद्रितशोधन जोडीने चालते. अंध वाचक बोटांनी वाचून मोठ्याने म्हणतो, डोळस जोडीदार मूळ पुस्तकावर नजर ठेवतो. यंत्राने छापील पान वाचून काढले, तर मराठीत 'घर'चे 'धर' होते आणि 'खडक'चे 'रवडक' होते. संगणकाचा आवाज ऐकणारा अंध मनुष्य ही चूक तत्काळ पकडतो. पण 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच वाटतात. तेथे बोट लागते. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ ही दुसऱ्या-चौथ्या टिंबांची, दीर्घ ई तिसऱ्या-पाचव्या टिंबांची. बोटाखाली त्यांची गल्लत होत नाही. एम्प्रेस मिल आता बंद आहे; पण कापडातला दोष बोटाने ओळखणारी माणसे या शहराने पाहिली आहेत. हेही तसलेच कसब आहे.

काळ मात्र थांबत नाही. २००२ साली अमेरिकेत बुकशेअर हे संगणकी ग्रंथालय निघाले. त्याची पुष्कळ पुस्तके वाचकांनीच यंत्रावर चढविली, आणि त्यांत अंध वाचक होते. पुढे प्रकाशक संगणकी प्रती थेट देऊ लागले आणि पाने चढविण्याचे काम घटले. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांआधी मान्यता दिली ती भारताने. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय सुरू झाले. पुस्तकाची वाट रुंद झाली. मग अंध स्वयंसेवकाला काम उरले की नाही?

उरले आहे, आणि ते अधिक मोलाचे आहे. कोणते पुस्तक आधी करावे हे ठरविणे, ध्वनिमुद्रण ऐकून तपासणे, नव्या वाचकाला ब्रेल व संगणक शिकविणे, तक्ते आणि चित्रे शब्दांत नीट उतरली की नाहीत याचा निवाडा करणे. शेवटचे काम तर डोळसाला एकट्याने साधणारच नाही. चित्र न पाहता ते समजले की नाही, हे त्याला कसे कळावे?

परंतु एक इशारा दिलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये डोळस स्वयंसेवक ब्रेलची पहिली प्रत फुकट लिहून देत आणि पुढच्या प्रती अंध नकलनवीस मजुरी घेऊन काढीत. त्यांचे हे शहाणपण आपण विसरू नये. ज्या कामाला डोळसाला पगार मिळतो, तेच काम अंधाने 'सेवा' म्हणून फुकट करावे, ही सेवा नव्हे, वेठ आहे. मनुष्य खुशीने वेळ देत असेल, तर कामाची निवड त्याची असावी, पुस्तकावर त्याचे नाव असावे, आणि ग्रंथालयाच्या समितीत त्याला मताचा अधिकार असावा. आर्मिटेज यांनी १८६८ साली हे ओळखले होते. नागपूरच्या ग्रंथालयांनी आपल्या समितीतल्या खुर्च्या एकवार मोजून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.