घासून काढलेलं नाव

जुना जर्मन खंजीर कोणत्या सालचा आहे हे ओळखायचं तर पात्यावर तारीख शोधू नका, बहुतेक वेळा ती नसतेच. मग बघायचं काय? शिक्का, धातू आणि म्यानावरचा रंग.

एस.ए. म्हणजे हिटलरच्या तपकिरी गणवेशातल्या दलाचा खंजीर घेऊया. हा १९३३ साली आला. घाट सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिराचा, मूठ तपकिरी लाकडाची, पात्यावर कोरलेलं ‘आलेस फ्यूर डॉइचलांड’, सर्व काही जर्मनीसाठी. (हेच शब्द भाषणात वापरले म्हणून ब्यॉर्न ह्योके या राजकारण्याला जर्मन कोर्टाने २०२४ मध्ये दंड केला. प्रकरण अजून थंड झालेलं नाही!)

सुरुवातीच्या खंजिरांवर झोलिंगन गावच्या कारखान्यांचे आपापले शिक्के असतात. आयकहॉर्न कंपनीची खार तर प्रसिद्धच. मुठीची टोकं जर्मन सिल्व्हरची, ज्यात चांदी औषधालाही नसते, फक्त तांबं, निकेल आणि जस्त. साधारण १९३५-३६ पासून पक्षाच्या खरेदी खात्याने सगळ्यांना नंबर दिले. आयकहॉर्नचा झाला ‘एम७/६६’. पुढे स्वस्ताई आली. जस्तावर निकेलचा मुलामा, जो आज फुगून सुटतो आणि खालून राखाडी धातू डोकावतो. म्यानाचंही तेच. आधी रसायनाने तपकिरी केलेलं पोलाद, नंतर सरळ रंग फासलेला. पण म्यान आणि खंजीर ही जोडी जन्माचीच असेल असं धरून चालू नका. १९४५ नंतर हे खंजीर आठवण म्हणून देशोदेशी गेले आणि वाटेत म्यानं बदलली. दोघांचं वय वेगवेगळं काढायचं.

हे सगळं साल सांगतं. एक खूण मात्र जवळजवळ महिना सांगते.

एस.ए.चा प्रमुख एर्न्स्ट र्‍योम. १९३१ संपायच्या आत दलात आलेल्या जुन्या सभासदांना १९३४ च्या सुरुवातीला त्याने खास खंजीर दिले, लाखाच्या वर. पात्याच्या मागच्या बाजूला त्याच्याच हस्ताक्षरात मजकूर: ‘मनःपूर्वक मैत्रीसह, एर्न्स्ट र्‍योम’. लोक केवढे मिरवले असतील! आणि ३० जून १९३४ ला हिटलरने त्याला अटक करवली, दुसऱ्या दिवशी तुरुंगात गोळी घातली. लगेच हुकूम निघाला, ते नाव काढून टाका.

मग लाखभर माणसं आपापलं पातं घेऊन सहाणेवर बसली. मैत्री संपवायला एवढंसं पोलाद घासावं लागलं.

काहींनी घासलं नाही. ते अखंड खंजीर आज सर्वात महाग, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही उदंड. खरा असो वा नवा, कोरीव मजकूर पैसे मोजून करून घेता येतो. माझं मत विचाराल तर मी घासलेलाच निवडेन. संग्राहकांच्या लेखी त्याचं मोल कमी, पण कुठल्या उन्हाळ्यात कोण घाबरलं होतं हे तो सांगतो. उजेडात तिरका धरला की काही पात्यांवर पुसलेली अक्षरं पुसट दिसतात.

आणि तिसरा एक प्रकार आहे. हुकमात नाव काढा म्हटलं होतं, म्हणून काहींनी नेमकं तेवढंच काढलं. त्या पात्यांवर ‘मनःपूर्वक मैत्रीसह’ अजून शाबूत आहे, आणि त्यापुढे घासलेली रिकामी जागा.