पुराणप्रतिमा : नोटांवरच्या आणि औंधच्या

बँक ऑफ बेंगॉलच्या नोटांवर आधी धक्क्याशी बसलेली, व्यापाराचे रूपक असलेली स्त्री आली, मग रोमन वळणाची ब्रिटानिया. बँक ऑफ बॉम्बेने टाउन हॉल आणि मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन व माल्कम छापले. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा बँकांचा हक्क संपला. या नोटांवर देशी पुराणकथांना जागा नव्हती. कागदावर त्या अवतरल्या त्या चित्रग्रंथांतून; औंधचे ‘चित्ररामायण’ त्यांपैकीच.

औंध (ता. खटाव, जि. सातारा) संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार आणि कीर्तनकार. आटपाडी, कुंडलपर्यंत पसरलेल्या या छोट्या संस्थानाच्या मानाने त्यांचा हात भलताच सढळ. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये छापून निघाले. महाभारताची सचित्र, चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला एक लाख रुपये देऊ केले, तिच्यासाठी स्वतः चित्रेही रंगवली. या चित्रांवर चित्रकार राजा रविवर्म्याची छाप उघड आहे. सफाईपेक्षा प्रसंग सांगण्याची कीर्तनकारी हौस मात्र बाळासाहेबांची स्वतःची. औंधच्या यमाई देवीच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालयात (१९३८) रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’सोबत ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे माता-बालक शिल्पही आहे.