गलबतावरचं इंग्रजी



दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ब्रिटिश क्लायंटच्या डेटाबेसचं मायग्रेशन शनिवारी रात्री करायचं होतं. शुक्रवारच्या कॉलवर तिकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, 'इट्स टच अँड गो.' मी मनातल्या मनात सरळ हिशेब केला. टच म्हणजे हात लावणे, गो म्हणजे निघणे. म्हणजे चुटकीसरशी होणारं काम! लीडला सांगूनही टाकलं, "सर, ते लोक निवांत आहेत." रोलबॅकची तालीम केलीच नाही.

मध्यरात्री काम अडकलं आणि रविवारी दुपारपर्यंत सगळी टीम ऑफिसात. नंतर कळलं, तो म्हणत होता की 'जमेल की फसेल, काही भरवसा नाही.' त्याने धोक्याचा इशारा दिला होता आणि मी तो दिलासा म्हणून ऐकला. चूक शंभर टक्के माझी.

शाळेत आम्ही इंग्रजी वाक्प्रचार पाठ केले ते मार्कांपुरते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. तो आला कुठून, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या रविवारनंतर मात्र मी शोधायला लागलो.

विल्यम हेन्री स्मिथ नावाचे ब्रिटिश आरमारातले एक अ‍ॅडमिरल होते. त्यांनी खलाशांच्या शब्दांचा मोठा कोश केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १८६७ साली छापला गेला. त्यात 'टच अँड गो' आहे. शिडं उभारून जहाज चाललंय, तळ समुद्राच्या तळाला घासतो, पण वेग फारसा न मोडता जहाज पुढे निसटतं. किंवा खडकाला वळसा घालताना थोडक्यात वाचतं. डोळ्यांसमोर हे चित्र असतं तर मी 'निवांत' हा शब्द उच्चारलाच नसता!

असे शब्द इंग्रजीत ढिगाने आहेत. नवल नाही म्हणा. बेटावरचा देश, शेकडो वर्षांचं आरमार आणि समुद्रावरचा व्यापार. खलाशी बंदरात उतरले की त्यांची भाषाही उतरायची.

आपण स्टेटस रिपोर्टमध्ये बिनदिक्कत लिहितो ते 'बाय अँड लार्ज' घ्या. जहाज वाऱ्याच्या दिशेला जमेल तितकं तोंड करून चाललं की ते 'बाय', आणि वारा मागून घेऊन चाललं की 'लार्ज'. दोन्ही तऱ्हेने नीट चालणारं जहाज म्हणजे एकंदरीत चांगलं जहाज. त्यातलं जहाज गेलं, 'एकंदरीत' उरलं.

'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे, असं आम्ही घोकलं. पण मूळ प्रसंग भीतीदायक आहे. वारा अचानक समोरून येतो, शिडं उलटी फुगून डोलकाठीवर दाबली जातात आणि चालतं जहाज जागच्या जागी थबकतं. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी मोडायचीही भीती. म्हणजे नुसतं 'अरे वा' नव्हे, पायाखालची जमीन सरकल्यासारखं काहीतरी.

'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला. इथे शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. पुढचं सांगायला नको :-)

आणि 'बिटर एंड'? कॅप्टन जॉन स्मिथ (व्हर्जिनियाच्या वसाहतीवाले) यांच्या १६२७ सालच्या नौकानयनाच्या पुस्तकात सापडतं की नांगराचा दोर डेकवरच्या खुंटांना गुंडाळतात आणि जहाजावर राहणारं टोक ते हे. तिथवर पोचलात की सोडायला दोरच शिल्लक नाही. पण काही अभ्यासक बायबलमधल्या 'कडू शेवटा'कडेही बोट दाखवतात. इथे मी ठाम बाजू घेत नाही.

कारण गोष्ट छान असली की ती खरी असतेच असं नाही. 'पॉश' शब्दाची कथा तर आपल्या मुंबईशी जोडलेली. म्हणे इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडच्या केबिनमध्ये सावली, परतताना उजवीकडच्या. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांची आद्याक्षरं मारत. ऐकायला झकास! पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला दिसतो आणि ही कथा १९३० च्या दशकात. आधी बग, मग त्याला शोभेलसं स्पष्टीकरण, तशातला प्रकार.

आता थोडं उलटं करून बघा. मॅच हरल्यावर आपण म्हणतो, 'पानिपत झालं.' परक्या माणसाच्या वहीत याचा अर्थ 'मोठा पराभव' असा लिहिला जाईल. बरोबरच आहे. पण १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात काय काय गेलं, ते त्या दोन शब्दांत मावत नाही. आणि 'विश्वास गेला पानिपतात' म्हणताना नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडला, हे त्याला कोण सांगणार? आपल्यासाठी जे पानिपत, तेच ब्रिटिशांसाठी खडकाला घासून निसटलेलं जहाज. अर्थ वहीत मावतो, वजन मावत नाही.

असो. हल्ली कॉलवर असा एखादा शब्द आला की मी सरळ विचारतो, 'सॉरी, म्हणजे नक्की काय?' दोन सेकंद ओशाळल्यासारखं होतं. पण अख्खा रविवार घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.